गाडी कोण चालवत होतं?

(तालुक्यातल्या महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मैत्रिणींनो,

काल संध्याकाळी फळ्यावर आजचे विषय लिहिले, तेव्हा माझ्या नावापुढे 'गाडीच्या विम्याचे दावे' हे वाचून मागच्या रांगेत खसखस पिकली. मी ऐकली ती. पोटगी, मारहाण, रेशनकार्ड यांच्यात हे गाडीवाल्या बायकांचं दुखणं कुठून आलं, असं वाटणं साहजिक आहे. पण मघाशी मी विचारलं की दुचाकी किंवा चारचाकी कोण कोण चालवतं, तेव्हा निम्म्याहून जास्त हात वर आले. गाडी स्वतःच्या नावावर किती जणींच्या, म्हटल्यावर बरेच हात खाली गेले. आणि पॉलिसी स्वतः वाचली आहे का, या प्रश्नाला दोनच हात राहिले. त्यातला एक माझा, आणि तोही ठेच लागल्यानंतरचा. त्या ठेचेबद्दलच बोलणार आहे.

२०२३ चा ऑगस्ट. साताऱ्यात दिवसभर रिपरिप चालली होती. एका गावातली बैठक आटोपून मी परत येत होते. गाडी माझी, माझ्या पगारातून हप्ते भरून घेतलेली, तेव्हा सहा वर्षांची. गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागताना डाव्या बाजूने एक पिकअप आला आणि माझं पुढचं मडगार्ड, दार घासत बंपर ओढून घेऊन गेला. कुणालाही खरचटलं नाही. तसा अपघात म्हणावा इतकाही तो मोठा नव्हता. पाच मिनिटांत पंधरा माणसं जमली, आणि पहिला प्रश्न आला, "साहेब कुठायत?" मी म्हटलं, साहेब नाहीत, गाडी मीच चालवतेय. त्यावर एक जण दुसऱ्याला हळूच म्हणाला, "तरीच."

आता ऐका, मी काय केलं. मी एमएसडब्ल्यू झालेली, दहा वर्षं बायकांना 'घाबरू नका, आधी सगळं लिहून घ्या' असं सांगत फिरणारी. मी पिकअपवाल्याला 'सॉरी' म्हणाले. चूक कुणाची ते ठरायच्या आधीच. मग माझ्या धाकट्या दिरांना फोन केला. भाऊजी आले, पिकअपवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून बोलले, आणि "वहिनी, जाऊ द्या, गरीब माणूस आहे" म्हणून त्याला वाटेला लावला. त्याचा नंबर, नाव, विमा कंपनी, काहीही माझ्याकडे राहिलं नाही. मोबाइलवर चार फोटो काढले तेवढेच, तेही भाऊजी येण्याआधी. रात्री कंपनीच्या फोनवर अपघात कळवला. पुढे हा फोनच कामाला आला.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये तिथल्या मुलाने क्लेम फॉर्म भरायला घेतला. 'चालकाचे नाव' या रकान्याशी तो थांबला. म्हणाला, "मॅडम, दादांचं लायसन्स असेल तर ते टाकतो. सर्व्हेअर मग फार विचारत नाहीत. लेडीज असलं की प्रश्न वाढतात." भाऊजींनी खिशातून लायसन्स काढून दिलं. मी शेजारीच उभी होते. पेन्सिलने फुली मारलेली होती तिथे मी सही केली. आपण केंद्रात बायकांना शिकवतो ना, फुली दिसली की आधी वरचं वाच? मी वाचलं होतं. वाचून केली सही.

माझं लायसन्स चालू होतं. दारू नाही, वेग नाही, लपवण्यासारखं काहीच नव्हतं. तरी मी माझ्याच गाडीतून, माझ्याच अपघातातून स्वतःला खोडून टाकलं.

चार दिवसांनी सर्व्हेअरचा फोन आला. पहिलाच प्रश्न: "गाडी कोण चालवत होतं?" मी म्हटलं, मी. पलीकडे जरा शांतता. "फॉर्मवर दुसरं नाव आहे." मग मी सगळं सांगून टाकलं. महिन्याने पत्र आलं: दाव्यात खोटी माहिती दिल्यामुळे दावा नामंजूर.

कुटुंबात याचा अर्थ लगेच लावला गेला, की मला खरं बोलायची काय गरज होती. 'दादाच चालवत होते' म्हणाले असते तर पैसे मिळाले असते! हे मी आजही ऐकते. पण विचार करा. उद्या त्या पिकअपमधल्या कुणाला मुका मार लागला असता आणि त्याने तक्रार केली असती, तर भाऊजी न केलेल्या गोष्टीचे आरोपी झाले असते. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ आहे. जखमी असेल तर त्याला मदत करा, पोलिसांना लवकरात लवकर, फार तर चोवीस तासांत कळवा, हे त्यात आहेच. शिवाय विमा कंपनीला लेखी काय कळवायचं तेही आहे, आणि त्यात चालकाचं नाव आणि लायसन्सचा तपशील येतो. म्हणजे 'कोण चालवत होतं' हा प्रश्न गॅरेजच्या सोयीचा नाही.

असाच प्रकार शिकाऊ लायसन्सवाल्या मुलींच्या बाबतीत मी पाहते. मुलगी शिकत असते, फाटकाला गाडी लागते, आणि घरचे घाबरून लिहून देतात की वडील चालवत होते. खरं तर शिकाऊ लायसन्स असेल, शेजारी पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती बसलेली असेल, गाडीला 'एल'ची पाटी असेल, तर नेहमीच्या पॉलिसीत ती मुलगी चालक म्हणून बसते. खोटं बोलायची गरजच नसते. मुलगी चालवत होती हे सांगायची लाज असते, एवढंच.

पुढे काय केलं ते सांगते, कारण तुमच्याकडे अशी बाई आली की तुम्हालाही हेच करायचं आहे. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहिलं. त्यात रडगाणं गायलं नाही. फॉर्मवर चुकीचं नाव कसं आलं, मी पहिल्या प्रश्नालाच खरं कसं सांगितलं, दोघांचीही लायसन्सं चालू असल्यामुळे त्या चुकीने माझा काही फायदा होत नव्हता, हे तारखांसकट लिहिलं. पॉलिसीच्या कोणत्या अटीखाली दावा नाकारला ते लेखी मागितलं. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागितली, ती मागायचा आपल्याला हक्क आहे. आणि अपघाताच्या रात्री मी केलेल्या फोनचं रेकॉर्डिंग जपून ठेवा, असंही लिहिलं. उत्तर आलं, पूर्वीचाच निर्णय कायम.

मग विमा लोकपाल. आपल्या भागासाठी त्यांचं कार्यालय पुण्यात आहे. फी नाही. वकील लागत नाही, नव्हे, चालतच नाही. अट एवढीच की आधी कंपनीकडे तक्रार केलेली असावी. कंपनीने नकार दिला किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, की तिथून वर्षाच्या आत जायचं. २०२३ च्या नोव्हेंबरपासून पन्नास लाखांपर्यंतच्या नुकसानभरपाईचा निवाडा ते देऊ शकतात. तो कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्यावर नाही. पटला नाही तर ग्राहक आयोगाचा रस्ता खुला राहतो. तिथे मुदत दोन वर्षांची, आणि २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीचं मुख्य कार्यालय मुंबईत आहे म्हणून एसटीने मुंबई गाठायला नको.

सुनावणीत ते रेकॉर्डिंग निघालं. माझा आवाज, मागे पाऊस, आणि "मीच चालवत होते" हे शब्द. मला स्वतःला आठवतही नव्हतं की मी ते इतकं सरळ म्हणाले होते. फॉर्म भरायच्या आदल्या रात्रीच मी खरं सांगितलं होतं, एवढं सिद्ध झालं. तरी फॉर्मवर माझी सही होती, तीही खोटी नव्हती. देय रकमेच्या पंचाहत्तर टक्के मिळाले. अटीचा भंग झाला तरी सगळा दावा बुडवू नये, काही भाग द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अमलेंदू साहू यांच्या प्रकरणात मान्य केलं आहे. त्यांनी खासगी गाडी भाड्याने वापरायला दिली होती. ते प्रकरण मी अर्जात लिहिलं होतं.

आता 'देय रक्कम' म्हणजे काय, इथेही पुष्कळ जणी फसतात. माझं बिल अडतीस हजार झालं. जीएसटी सोडून देते, हिशेब सोपा राहील. बंपर सहा हजारांचा; प्लास्टिक आणि रबर यांवर निम्मा घसारा, म्हणजे तीन हजार. दार आणि मडगार्ड पंधरा हजार. पाच ते दहा वर्षांच्या गाडीला पत्र्यावर चाळीस टक्के घसारा, उरले नऊ. मजुरी नऊ हजार, ती पूर्ण. रंगकाम आठ हजार; त्यातला पाव हिस्सा रंगसामानाचा धरतात आणि त्यावर निम्मा कापतात, म्हणजे सात. झाले अठ्ठावीस. त्यातून पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला एक हजार आपण सोसायचे. राहिले सत्तावीस हजार. हे कापणं फसवणूक नाही, साध्या पॉलिसीत ते छापलेलं असतं. 'झीरो डेप्रिसिएशन' जोडून घेतलं असेल तर घसारा टळतो. म्हणून कापलेला प्रत्येक पैसा म्हणजे अन्याय असं समजून भांडायला उठू नका. ओळीओळीचा हिशेब मागा, मग कुठे भांडायचं ते दिसतं. सत्तावीसचे पंचाहत्तर टक्के वीस हजार दोनशे पन्नास. पावणेसात हजार त्या एका फुलीपाशी गेले.

आणि लहान पोच्यासाठी दावा करूच नये, असंही मी सांगेन. पन्नास टक्क्यांचा 'नो क्लेम बोनस' साठला असेल तर एका दाव्याने तो शून्यावर येतो, मग वर्षागणिक वीस, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस असा परत चढतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता सवलतीआधी सहा हजार असेल आणि तेवढाच राहिला, तर पाच वर्षांत मिळून साडेसात हजार जास्त भरावे लागतात. चार हजारांच्या पोच्यासाठी हे कशाला?

आता दुसरी गोष्ट. ही माझी नाही, आणि हिचा शेवट बरा नाही.

आमच्या बचत गटातल्या एकीचे यजमान गेले. गाडी त्यांच्या नावावर. तिला चालवता येत होती, मुलाला शाळेत सोडायला ती चालवायचीही. आरसी बुक आणि पॉलिसी सासऱ्यांच्या कपाटात. चौथ्या महिन्यात गाडी वळवताना तिने कंपाउंडचा खांब धरला. दावा केला, नाकारला गेला. कारण मालक मरण पावल्यावर पॉलिसी फक्त तीन महिने चालते, किंवा तिची मुदत त्याआधी संपत असेल तर तोपर्यंत. तेवढ्यात वारसाने ती आपल्या नावावर करून घ्यायची असते. आरटीओतही तीस दिवसांत मृत्यू कळवायचा आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरायचा असतो. आता मला सांगा, नवरा जाऊन महिना झालेली बाई सासऱ्यांकडे गाडीचे कागद कोणत्या तोंडाने मागेल? मागितलेच तर "हिला एवढ्यात गाडी सुचतेय" हे ऐकायची तयारी हवी. शिवाय बायको, मुलं आणि सासू हे सारखेच वारस, म्हणजे बाकीच्यांची संमती आली.

मी तिला म्हटलं, आयोगात जाऊ. तिने दोन दिवस विचार केला आणि नको म्हणाली. तक्रारीत सासऱ्यांनी कागद दिले नाहीत असं लिहावं लागलं असतं, आणि राहायचं त्याच घरात होतं. दुरुस्तीचे पैसे तिने गटाच्या कर्जातून भरले. गाडी पुढे दिरांच्या नावावर झाली. मी तिला जास्त आग्रह केला नाही, बरोबर केलं की चूक, अजून ठरवता आलेलं नाही.

पण त्यानंतर आमच्या केंद्रात एक बदल केला. विधवा मैत्रिणीकडे भेटीला जाताना मृत्यूचा दाखला, बँक, पेन्शन या यादीत आम्ही 'गाडी' हा शब्द घातला. पहिल्या महिन्यातच विचारतो. २०२१ पासून आरसीवर नॉमिनी नोंदवता येतो, तेही सधवा असतानाच सांगतो, कितीही अभद्र वाटलं तरी.

सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनीही लक्ष द्या. आरसी नावावर झाली म्हणजे विमा आपोआप झाला असं नाही. समोरच्याच्या नुकसानीपुरता तो आपल्याकडे येतो; आपल्या गाडीच्या नुकसानीसाठी चौदा दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी बदलून घ्यावी लागते.

रस्त्यावर काय करायचं तेही थोडक्यात सांगते. गाडी हलवायच्या आधी फोटो, समोरच्याचा नंबर दिसेल असे. 'माझी चूक, भरपाई देते' असं कुणी लिहून मागितलं तर द्यायचं नाही. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय अशी कबुली देऊ नये ही पॉलिसीतलीच अट आहे. पाहणी होईपर्यंत गॅरेजला गाडी उघडू द्यायची नाही. कागद कमी म्हणून दावा नाकारला तर विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाकडे बोट दाखवा, तसं करता येत नाही. 'पूर्ण व अंतिम' असं छापलेल्या पावतीवर दबावाखाली सही झाली असेल तरी हाय खाऊ नका. दबाव किंवा फसवणूक दाखवता आली तर ती सही दावा संपवत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच सांगितलं आहे.

भाऊजी आणि मी आता यावर हसतो. परवा त्यांची मोटारसायकल एका रिक्षाला घासली. घरी येऊन म्हणाले, "वहिनी, फॉर्म तुम्हीच भरा, पण नाव माझंच घाला."

चहाला अजून दहा मिनिटं आहेत. ज्यांच्या पर्समध्ये किंवा मोबाइलमध्ये पॉलिसी आहे त्यांनी काढा. पहिल्या पानावर मालकाचं नाव कुणाचं आहे, ते एकेकीने मोठ्याने वाचा. दुचाकीवाल्यांनीसुद्धा.