राजापूरचा खासदार आणि जगाचा नकाशा

(पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



बॅरिस्टर नाथ पै 1957 मध्ये राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. 1962 आणि 1967 या पुढच्या दोन्ही निवडणुकांत त्याच मतदारांनी त्यांना पुन्हा दिल्लीला पाठविले. हा मतदारसंघ म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग. त्यातील बराचसा मुलूख 1981 पासून सिंधुदुर्ग या नावाने ओळखला जातो. रेल्वे नाही, कारखाना नाही, पावसाळ्यात आगबोट बंद, खाडी ओलांडायची तर तरीची वाट पाहावी लागे, आणि घरोघरची चूल मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरवर पेटे. अशा मुलखाचा प्रतिनिधी तिबेटवर, चीनवर आणि पोर्तुगालच्या सालाझारवर लोकसभेत बोलत असे, आणि त्याच लोकसभेत कोकणच्या रेल्वेसाठीही भांडत असे.

असा प्रतिनिधी लाभला की त्याच्याविषयी दोन कुरकुरी नेहमी ऐकू येतात. शहरातले विद्वान म्हणतात, खेड्यातून निवडून आलेल्या माणसाने परराष्ट्रधोरणाच्या भानगडीत कशाला पडावे? गावातले पुढारी म्हणतात, जगाचे काय ते दिल्लीवाले पाहतील, आमच्या साकवाचे काय झाले ते सांगा. या दोन्ही कुरकुरी एकाच समजुतीतून निघतात. गाव आणि जग ही दोन वेगळी गाठोडी आहेत आणि खासदाराने त्यातले एकच उचलावे, ही ती समजूत. नाथ पै यांच्या संसदीय कार्याचा अभ्यास आज करावयाचा तो एवढ्यासाठी, की ही समजूत कोकणातल्या जमिनीवर टिकत नाही.

नकाशा पाहिला तरी हे ध्यानात येईल. 1957 साली राजापूर मतदारसंघाची दक्षिण सीमा म्हणजे हिंदुस्थानची आंतरराष्ट्रीय सरहद्द होती. तेरेखोल नदीच्या अलीकडे सावंतवाडी-वेंगुर्ल्याचा मुलूख आणि पलीकडे पोर्तुगीजांचे राज्य. बांद्याहून निघालेला माणूस पत्रादेवीला पोहोचला की परक्या सत्तेच्या बंदुकीसमोर उभा राही. 15 ऑगस्ट 1955 रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर त्या सीमेवर गोळ्या झाडल्या गेल्या, तो प्रकार मतदारांच्या कानांवर वर्तमानपत्रातून आलेला नव्हता. जखमी माणसे त्यांच्याच वाटांनी परत आणली गेली. सीमा बंद झाली तेव्हा पलीकडच्या गावांत दिलेल्या लेकीबाळी आणि पलीकडचे देव, सारेच दुरावले. पोर्तुगाल नाटो करारात सामील होता. म्हणून पाश्चात्त्य राष्ट्रांच्या लष्करी राजकारणाचा एक धागा थेट सातार्ड्याच्या उंबऱ्यापर्यंत येत होता. अशा मतदारसंघाच्या खासदाराने लिस्बनचे नाव घेतले तर तो आपल्या तालुक्याचाच प्रश्न मांडीत होता. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा सुरक्षा समितीत हिंदुस्थानविरुद्ध आणलेला ठराव सोव्हिएत नकाराधिकारामुळे फेटाळला गेला, हेही या संदर्भात लक्षात घेतलेले बरे. वेंगुर्ल्याच्या बाजाराचे भवितव्य न्यूयॉर्कमध्येही ठरत होते.

नाथ पै स्वतः वेंगुर्ल्याचे. जन्म 1922 चा. बेळगावला शिक्षण, बेचाळीसच्या लढ्यात तुरुंगवास, नंतर विलायतेत कायद्याचा अभ्यास. 1954 ते 1960 या काळात ते आंतरराष्ट्रीय समाजवादी युवक संघटनेचे अध्यक्ष होते. हीच वर्षे अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धाची, सुएझची आणि हंगेरीतील उठावाची. एका बाजूस फ्रान्ससारख्या लोकशाही म्हणविणाऱ्या देशाची वसाहतशाही आणि दुसऱ्या बाजूस समाजवादाचे नाव घेऊन बुडापेस्टमध्ये घुसलेले रणगाडे, या दोहोंना एकाच मापाने मोजण्याची कसोटी युरोपातल्या आणि आशियातल्या तरुण समाजवाद्यांपुढे उभी होती. लोकशाही समाजवादी विचाराचा हाच कस होता. जो गोव्यातील साम्राज्यशाहीचा निषेध करतो त्याने ल्हासातील दडपशाहीबद्दल मौन पाळावे, हे प्रजासमाजवादी पक्षाला मान्य नव्हते. 1959 मध्ये तिबेटचा उठाव चिरडला गेला तेव्हा या पक्षाने सरकारच्या सावधपणावर टीका केली ती या भूमिकेतून.

आता दुसरी बाजू. जगाचा अनुभव घेऊन आलेला बॅरिस्टर कोकण रेल्वेसाठी लोकसभेत वर्षानुवर्षे आग्रह धरतो, याचे मोल कमी लेखता येणार नाही. खेड्यातल्या प्रश्नाला राष्ट्रीय प्रश्नाची भाषा मिळवून देणे हे कठीण काम असते. ‘आमच्याकडे गाडी हवी’ असे म्हणणे सोपे आहे. पश्चिम किनाऱ्याचा एवढा लांब पट्टा लोहमार्गाविना ठेवून देशाने माणसांचे आणि मालाचे काय नुकसान करून घेतले, हे आकड्यांनी मांडावे लागते, आणि एकदा मांडून भागत नाही. त्या काळी रेल्वेचा स्वतंत्र अर्थसंकल्प असे, त्यावर दीर्घ चर्चा होई. मागास भागाच्या खासदाराला दरवर्षी आपले गाऱ्हाणे मांडण्याची ती हक्काची जागा होती. नाथ पै यांच्या पश्चात 1971 पासून मधु दंडवते यांनी त्याच मतदारसंघातून तो धागा पुढे नेला. 1990 मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले तेव्हा दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते. 1998 च्या जानेवारीत संपूर्ण मार्ग खुला झाला. ज्याने प्रथम लोकसभेत घसा कोरडा केला त्याला जाऊन सत्तावीस वर्षे झाली होती. 2017 पासून रेल्वेचा वेगळा अर्थसंकल्प उरलेला नाही. सोय म्हणून केलेल्या या बदलात मागास मुलखाची एक खिडकी बंद झाली, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

नाथ पै यांचे नाव संसदेच्या इतिहासात नोंदले गेले ते मुख्यतः एका खासगी विधेयकामुळे. फेब्रुवारी 1967 मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध पाच अशा बहुमताने ठरविले की, मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती करण्याचा अधिकार संसदेला नाही. जमीनसुधारणांचे कायदे मालमत्तेच्या हक्काच्या खडकावर फुटतील, ही भीती कुळांच्या आणि भूमिहीनांच्या बाजूने उभे राहणाऱ्या कोणालाही वाटणे स्वाभाविक होते. अवघ्या काही आठवड्यांत, एप्रिल 1967 मध्ये, नाथ पै यांनी संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार पुनःस्थापित करणारे विधेयक मांडले. विरोधी बाकावरील एका खासदाराने, शुक्रवारच्या अडीच तासांत, साऱ्या राष्ट्राला या प्रश्नाचा विचार करावयास लावले. विधेयक संयुक्त समितीकडे गेले, त्यावर वादळी चर्चा झाल्या, आणि ते संमत न होताच ती लोकसभा विसर्जित झाली. 1971 च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीत त्यातले तत्त्व सरकारनेच उचलले.

समाजवादी चळवळीतही त्या विधेयकावर एकमत नव्हते, हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. आणीबाणीत, 1976 मध्ये, बेचाळिसावी दुरुस्ती झाली तेव्हा संसदेच्या अमर्याद अधिकाराचे दुसरे रूपही देशाने पाहिले. 1973 च्या केशवानंद भारती निकालातील ‘मूलभूत चौकटी’चा आधार त्यानंतर लोकशाहीवाद्यांनाच घ्यावा लागला. नाथ पै यांचे संसदेवर गाढ प्रेम होते आणि संसद विवेकाने वागेल हा त्यांचा भरवसा होता. तो भरवसा पुढच्या राज्यकर्त्यांनी खोटा ठरविला. परंतु कुळाच्या शेताचा प्रश्न घटनेच्या तत्त्वज्ञानापर्यंत नेऊन भिडविण्याची ताकद त्या विधेयकात होती. 1970 नंतर एकही खासगी विधेयक कायदा बनलेले नाही.

राजापूरचे पुढे काय झाले? ज्या तालुक्याच्या नावाने मतदारसंघ ओळखला जाई, तिथे जग पुन्हा पुन्हा येऊन थडकले. तसे ते पूर्वीही आले होते. सतराव्या शतकात इंग्रजांची वखार राजापुरातच होती, आणि 1661 मध्ये शिवाजी महाराजांनी तिच्यावर हात घातला होता. डिसेंबर 2010 मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी दिल्लीत असताना जैतापूरच्या अणुभट्ट्यांचा प्राथमिक करार झाला. जमीन होती माडबन आणि शेजारच्या गावांची. तीन महिन्यांत जपानमध्ये फुकुशिमाची दुर्घटना घडली, आणि एप्रिल 2011 मध्ये प्रकल्पविरोधी आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने एका तरुणाचा बळी घेतला. 2018 मध्ये नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी सौदी अरेबियाच्या आरामको कंपनीशी करार झाला. 2019 मध्ये लोकांच्या विरोधामुळे नाणारची जागा सोडावी लागली, आणि 2023 मध्ये त्याच तालुक्यातील बारसूच्या सड्यावर माती परीक्षणाला गेलेल्या यंत्रांपुढे बायाबापड्या आडव्या पडल्या. 2014 च्या मे महिन्यापासून युरोपीय संघाने हापूस आंब्याची आयात थांबविली, ती काही महिन्यांनी पुन्हा सुरू झाली. तो निर्णय ब्रुसेल्समध्ये झाला आणि बागायतदाराचा हिशेब देवगडात चुकला.

अणुभट्टी पुरवणाऱ्या परदेशी कंपनीची अपघातात जबाबदारी किती, हे ज्याला विचारता येत नाही, तो माडबनच्या शेतकऱ्याचा प्रतिनिधी कसा होणार? सभामंडप बांधून? डिसेंबर 1993 मध्ये खासदारांसाठी स्थानिक विकासाचा निधी सुरू झाला आणि 2011 मध्ये तो वर्षाला पाच कोटी रुपयांवर गेला. त्यातून शाळाखोल्या झाल्या, पाणवठे झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण या पैशाने खासदाराला हळूहळू ठेकेदारांचा मुकादम केले, आणि कार्यकर्त्याला त्याच्या दारातला याचक. सरकारला जाब विचारण्यासाठी ज्याला पाठविले तो सरकारी पैसा वाटण्यात दंग झाला. 2018 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये सर्व खात्यांच्या मागण्या लोकसभेत चर्चेविना संमत झाल्या. पूर्वी खासदार शंभर रुपयांची नाममात्र कपात सुचवून आपल्या भागातले एखादे गाऱ्हाणे मंत्र्याच्या तोंडावर मांडत असे. चर्चाच झाली नाही तर तेही गेले. गावोगावच्या किती सभांत याबद्दल प्रश्न विचारला गेला?

नाथ पै यांचा शेवटचा दिवस बेळगावात गेला. 17 जानेवारी 1971 रोजी सीमालढ्यातील हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी ते तेथे बोलले आणि त्याच रात्री हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस. लोकसभा विसर्जित झालेली होती, निवडणूक तोंडावर होती. त्यांचे पुतळे आणि त्यांच्या नावाच्या संस्था कोकणात आहेत. त्यांची जागा भरून काढण्याचा प्रश्न मात्र वक्तृत्वाचा नाही. तसे वक्तृत्व दैवाने एखाद्यालाच मिळते. पण प्रश्न तयार करणे हे कष्टाचे काम आहे आणि ते तालुक्याच्या कार्यकर्त्याला करता येते. लोकसभेत तारांकित प्रश्नासाठी किमान पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते, आणि दिवसाला वीसच प्रश्न त्या यादीत लागतात, तेही सोडत काढून. म्हणून एकच प्रश्न अनेक खासदारांनी द्यावा लागतो. आपल्या पक्षाचा नसला तरी भला माणूस गाठावा लागतो. त्या प्रश्नाबरोबर सातबाराचा उतारा हवा, भूसंपादनाच्या नोटिशीची तारीख हवी, कराराच्या दुसऱ्या बाजूला कोणत्या देशाची कोणती कंपनी आहे ते नाव बिनचूक हवे. तलाठ्याकडून उतारा आणायला दोन खेपा पडतात. त्या अधिवेशनाची तारीख जाहीर होण्यापूर्वीच व्हायला हव्यात.