‘खत’ म्हणजे कोणतें?

कोशांत शब्दाचे अर्थ ओळीनें मांडलेले असतात. पण कोठें कोणता लागतो हें शेजारचे शब्दच सांगतात. म्हणून आज आम्ही रोजच्या तोंडचा एकच शब्द घेतों : खत.

शेतांत घालतों तें शेणखत, लेंडीखत, सोनखत. सावकारास लिहून देतों तें कर्जखत, गहाणखत. हें दुसरें खत अरबींतून फारसीच्या वाटेनें आलें. तिकडे त्याचा अर्थ रेघ, अक्षर. हिंदींत तोच शब्द चिठ्ठीला लावतात.

तुकोबांच्या चरित्रकथेंत लोकांकडील येण्याचीं खतें आहेत. निम्मीं भावास देऊन आपल्या वांट्याचीं त्यांनीं इंद्रायणींत बुडविलीं. आमच्यापैकीं एकास लहानपणीं वाटे कीं, तुकोबांनीं नदींत शेणच टाकलें! ‘येणें’ आणि ‘वांटा’ या शब्दांकडे लक्ष असतें, तर तसें वाटलें नसतें.

१८८३ सालीं जोतीराव फुले यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यांत दोन्ही खतांचा संसार आहे. डोंगरावरचा पालापाचोळा पावसानें वाहून शेतांत येतो व जमीन कसदार होते, हें तेथें आहे. अक्षरशून्य कुणब्यास कागदांत कसें गुंतवितात, हेंही आहे. वाचतांना पहावें : जवळ पाऊस-नांगर आहे, कीं व्याज-मुदत?

१२ मे १८७५ रोजीं सुपें येथें दंगा उसळला आणि पुणें व नगर जिल्ह्यांत पसरला. शेतकऱ्यांनीं खतें जाळलीं. परक्यानें हें वाक्य वाचलें तर तो म्हणेल, हे आपल्याच उकिरड्यास आग कां लावतात? पण रोख त्या कागदांवर होता. सावकाराच्या जिवास बहुधा कोणी हात लावला नाहीं. पुढें १८७९ च्या कायद्यानें न्यायाधीशास खतामागचा मूळ व्यवहार तपासण्याची मुभा मिळाली. खतांत लिहिलें तेंच खरें, असें राहिलें नाहीं.

मात्र आम्हांस जास्त भय वाटतें तें खताच्या आधीं जोडलेल्या शब्दाचें. गहाणखत असेल तर कर्ज फेडून जमीन सोडवितां येते. खरेदीखत असेल तर ती विकलीच. सही एकच, आंगठाही एकच. फरक त्या आधींच्या तीन अक्षरांचा, आणि ऐकणारा तर शेवटचें ‘खत’ तेवढें ऐकतो.

पुढच्या बैठकीस येतांना घरच्या पेटींतला एखादा जुना कागद आणावा. त्यांत ‘खता’च्या आधीं काय लिहिलें आहे, तें येथें मोठ्यानें वाचूं. म्हाताऱ्या मंडळींस अवश्य आणा; मोडी वाचणारे त्यांच्यांतच सांपडतील.