इंग्रजी पोरांनी बिघडवलेली नाही

इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्या मराठी बंधु-भगिनींनो,

सकाळपासून या मंडपात एकच तक्रार ऐकतो आहे: मोबाइलने इंग्रजीचं वाटोळं केलं, पोरं पूर्ण शब्द लिहीत नाहीत, स्पेलिंग गेलं, विरामचिन्हं गेली. अध्यक्षाने या तक्रारीवर शिक्कामोर्तब करावं, अशी आपली अपेक्षा असेल. मी ते करणार नाही. आपण भलताच आरोपी धरला आहे.

ही तक्रार मोबाइलच्या कितीतरी आधीची आहे. शब्द छाटणाऱ्यांवर लेखक जोनाथन स्विफ्ट १७१० सालीच लंडनच्या ‘टॅटलर’ या नियतकालिकातून तुटून पडला होता. त्याला खुपलेला ‘मॉब’ हा छाटलेला शब्द आज आपणच वर्गात शिकवतो. ‘ओएमजी’चं खापर आपण आजच्या मुलांवर फोडतो, पण ऑक्सफर्ड कोशाने त्याची पहिली नोंद दिली आहे ती १९१७ची, ब्रिटिश नौदलाच्या लॉर्ड फिशर यांनी विन्स्टन चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रातली.

पहिला एसएमएस गेला ३ डिसेंबर १९९२ रोजी. एका संदेशाला १६० अक्षरांची मर्यादा, एका बटणावर तीन-चार अक्षरं आणि प्रत्येक संदेशाला पैसे. या अडचणीतून मुलांनी शब्द आखूड करून वाट काढली. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री विद्यापीठातील संशोधकांनी १० ते १२ वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा असे आखूड शब्द जास्त वापरणारी मुलं वाचनात मागे नव्हती, उलट सरस होती. त्यात नवल नाही. शब्दाचा ध्वनी नीट उमगल्याशिवाय तो मोडता येत नाही. या मुलांनी भाषा वाकवली ती स्वतःच्या गरजेसाठी, स्वतःच्या बुद्धीने. बोलणाऱ्याचा तो हक्कच आहे.

आज हाच हक्क हिरावला जातो आहे, आणि माझं भांडण तिथे आहे.

टिकटॉकवर मरणाबद्दल, आत्महत्येबद्दल बोलणारी मुलं ‘अनअलाइव्ह’ म्हणू लागली. का? सरळ शब्द वापरला तर यंत्र आपली चित्रफीत दाबून टाकेल, या धास्तीने. सिएटलच्या म्युझियम ऑफ पॉप कल्चरमध्ये २०२४ साली रॉक गायक कर्ट कोबेनच्या आत्महत्येबद्दलच्या फलकावर हाच शब्द झळकला. टीका झाल्यावर तो बदलावा लागला. आत्महत्येला आत्महत्या म्हणता येत नसेल, तर खचलेल्या मुलाने मदत मागायची कोणत्या शब्दांत? या भाषेला मुलांची भाषा म्हणू नका. ही धाकाची भाषा आहे.

दुसरं संकट तर आपल्या टेबलावर येऊन पडलं आहे. नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आलं आणि शोधनिबंधांत ‘डेल्व्ह’सारख्या शब्दांचा अचानक पूर आला. ट्यूबिंगेन विद्यापीठातील संशोधकांनी ‘पबमेड’ या वैद्यकीय शोधनिबंधांच्या सूचीतले १ कोटीहून अधिक गोषवारे तपासून अंदाज मांडला की, २०२४मधल्या किमान १० टक्के गोषवाऱ्यांवरून यंत्राचा हात फिरला आहे. विषय वेगळे, देश वेगळे आणि वाक्यं एकाच घाटाची! आपले विद्यार्थीही आता असेच निबंध आणून देतात. त्यांत व्याकरणाची चूक सापडत नाही आणि लिहिणारा मुलगाही सापडत नाही. तरीही आपण त्यांना पैकीच्या पैकी गुण देतो, आणि अडखळत स्वतःचं वाक्य रचणाऱ्या मुलीच्या वहीवर लाल रेघा ओढतो. हा अन्याय कोणत्याही कंपनीने केलेला नाही, तो आपण करतो आहोत.

कुणी म्हणेल, यंत्रामुळे गावातल्या मुलालाही निर्दोष इंग्रजी मिळाली. त्याला मिळालं ते दुसऱ्याचं वाक्य. मुलाखतीत समोरच्याने प्रश्न विचारला की तिथे हे उसनं वाक्य कामाला येत नाही.

म्हणून या व्यासपीठावरून मी तीन मागण्या करतो. कोणत्या शब्दांमुळे मजकूर दाबला जातो, हे कंपन्यांनी जाहीर करावं आणि सरकारने त्यांना तसं करायला भाग पाडावं. शाळा-महाविद्यालयांत निबंधाचा पहिला खर्डा वर्गातच, हाताने लिहून घ्यावा. आणि तपासताना आपण आधी विचाराला गुण द्यावेत, मग स्पेलिंगकडे वळावं.

मित्रहो, मुलांच्या आखूड शब्दांवर चिडण्यात आपण खूप वर्षं घालवली. उद्या वर्गात जाल तेव्हा मुलांना त्यांचं स्वतःचं, मोडकंतोडकं का होईना, एक वाक्य लिहायला सांगा आणि त्या वाक्याच्या बाजूने उभे राहा.