घरी शिकणाऱ्या पोरींचा आवाज

 

आज बोलायचंय ते घरी शिकणाऱ्या लेकरांबद्दल. शहरात काही आईबाप ठरवून मुलांना शाळेत घालत नाहीत, घरीच शिकवतात. आपल्या जालना जिल्ह्यात घरी शिकणं असं ठरवून होत नाही. सातवीपर्यंतची शाळा गावात, पुढची लांब. मुलीला एसटीचा पास मोफत असला तरी फाट्यापर्यंत चालत जायचं असतं, आणि तेवढ्यावरून घरातले म्हणतात, राहू दे. कुणाचे आईबाप दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन कारखान्यावर जातात. पोरगी आजीपाशी राहते आणि धाकट्यांना सांभाळते. मग सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, मिळतील ती पुस्तकं वाचायची आणि दहावीला बाहेरून बसायचं.

अभ्यास त्यातून होतो. जिद्दीच्या पोरी पासही होतात. पण चार माणसांत उभं राहून बोलायची सवय मोडते. शाळेत निदान फळ्यापाशी जाऊन उत्तर द्यावं लागतं. घरात कोण विचारतंय? पाहुणे आले की पोरीनं चहा ठेवायचा आणि आत जायचं. त्याच पाहुण्यांत एक दिवस तिच्या लग्नाची बोलणी होतात. वय सोळा असो नाहीतर पंधरा, तिला विचारलं तर ती खाली बघते, आणि खाली बघणं म्हणजे होकार असं सगळे धरून चालतात. तिच्या तोंडून "मला आत्ता लग्न करायचं नाही, मला दहावी द्यायची आहे" एवढी दोन वाक्यं मोठ्यानं निघावीत, म्हणून आम्ही गटातल्या बायांनी शनिवारी संध्याकाळी समाजमंदिरात पोरींना बोलायला शिकवायचं ठरवलं. पोरं पण येतात. येऊ द्या, त्यांनाही लागतंच.

घरी शिकलेल्या बाईला सभेत बोलता येतं का, अशी शंका एका आजीनं काढली. तिला आम्ही पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगितली. रमाबाईंचा जन्म 1858 चा. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध सोसून बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं, आणि लक्ष्मीबाईंनी लेकीला. हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरायचं, देवळांत आणि घाटांवर पुराण सांगायचं, आणि त्यावरच पोट चालायचं. म्हणजे लहानपणापासून अनोळखी माणसांपुढे बसून खणखणीत बोलणं हेच त्यांचं शिक्षण होतं. दुष्काळात आईवडील गेले. भावाबरोबर पायपीट करत त्या 1878 साली कलकत्त्याला पोचल्या, तिथल्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेतली आणि त्यांना पंडिता म्हटलं. 1882 साली पुण्यात सरकारच्या हंटर आयोगापुढे त्यांनी मराठीत साक्ष दिली. मुलींना शिकवायला बाई शिक्षक हव्यात, बायकांना तपासायला बाई डॉक्टर हव्यात, असं सांगितलं. बाईंचं वय तेव्हा चोवीस. आपल्या शेजारच्या बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे, त्याही घरीच वडिलांकडून शिकलेल्या, आणि त्यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक त्याच 1882 सालचं.

रमाबाईंची अजून एक गोष्ट सांगतात. 1889 ला मुंबईच्या सभेत मागच्यांना त्यांचा आवाज ऐकू जाईना, गलका झाला. तेव्हा त्या म्हणाल्या, बाईला आवाज मोठा करायची संधी तुम्ही कधी दिलीच नाही, मग तो लहान आहे यात नवल काय. हे ऐकून आमच्यातली एक पोरगी पटकन म्हणाली, "आमच्या घरी तर मोठ्यानं हसलं तरी रागावतात."

आता शिकवायचं कसं? पंधरा ऑगस्टची पाठ केलेली भाषणं आम्ही पहिल्याच दिवशी बाजूला ठेवली. "माननीय अध्यक्ष महोदय, गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो" इथून सुरू होऊन एका दमात संपणारं ते भाषण. लेकरू मधेच एक ओळ विसरलं की पुढचं सगळंच गेलं. ते पोपटासारखं बोलणं आमच्या मते शिकवायच्या लायकीचंच नाही.

त्याऐवजी सुरुवात माहितीच्या गोष्टीनं करायची. मोसंबीची फळगळ कशी झाली, बाजारात काय भाव मिळाला, शेळी व्याली तेव्हा काय केलं. जे हातानं केलंय ते सांगताना शब्द शोधावे लागत नाहीत. बोली घरचीच राहू द्या. "व्हय", "नव्हं" आलं तर आलं. पुस्तकी मराठीत बोलायला लावलं की पोरगी आधी शब्दाला भिते, मग माणसांना.

आवाजासाठी एक साधी युक्ती आहे. एक मावशी समाजमंदिराच्या पार शेवटी, दारापाशी बसते. ऐकू आलं नाही की ती हात वर करते. ओरडायचं नाही, श्वास पोटातून घ्यायचा आणि वाक्य शेवटपर्यंत न्यायचं. आपल्या बऱ्याच पोरींचा आवाज वाक्याच्या शेवटी बुडतो. "मला शिकायचं" ऐकू येतं आणि "आहे" पदरात जातं. ज्यांना गवळण म्हणता येते, भारूड करता येतं, त्यांना हे लवकर जमतं. घनसावंगी-अंबडकडं कीर्तनाची गोडी आहेच. कीर्तनकार कुठं थांबतो, कुठं हळू होतो, ते बघायला आम्ही पोरींना मुद्दाम पाठवतो.

मग अवघड भाग. दोन मावश्या पाहुण्या होतात, एक बाप होते, आणि पोरीनं नाही म्हणायचं. पहिल्यांदा सगळ्या हसतात. पण मावशी "स्थळ चांगलंय, हुंडा नाही मागत" असं खरोखरच्या सुरात म्हणाली की हसू थांबतं. पोरीनं रडायचं नाही, उलटून बोलायचं नाही, तीन गोष्टी सांगायच्या: माझं वय किती, मला काय करायचंय, तुम्ही मला काय मदत करा. मुलीचं लग्न अठराच्या आधी करणं गुन्हा आहे आणि 1098 हा नंबर फुकट लागतो, हेही तिला मोठ्यानं म्हणता आलं पाहिजे. आणि घरात एकटीला हे झेपणार नाही, म्हणून गटातली एक बाई तिच्या पाठीशी नेमलेली असते. बोलायला शिकवून पोरीला एकटं सोडणं आम्हाला मान्य नाही.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, तुम्हाला माहीत आहे. अठराखालच्या पोरीला तिथं मत नाही, पण आमच्या सभेत बोलायला आम्ही तिला उभं करतो आणि ठराव आम्ही मांडतो. मागच्या वेळी एका पोरीनं फाट्यापर्यंतच्या रस्त्यावर दिवे का हवेत ते सांगितलं. कागद हातात नव्हता. अंधारात कुठल्या वळणावर काय भीती वाटते, एवढंच ती बोलली, आणि मागं बसलेल्या म्हाताऱ्या बायांनी माना डोलावल्या.

तुमच्या गटाला असा तास सुरू करायचा असेल, तर पहिले महिनाभर माईक आणू नका, पाहुणे बोलवू नका आणि मोबाइलवर व्हिडिओ काढून गावाच्या ग्रुपवर टाकू नका. आईला मात्र रोज दाराशी बसवा. लेक काय बोलते ते तिनं पहिलं ऐकलं पाहिजे.