नांदण्याचा दावा



विसंवादी संसारात प्रेमाचे आणि मानाचे काय होते, या विषयावर मला बोलायचे आहे. या विषयावर उपदेश करणे फार सोपे असते, म्हणून तो मी करणार नाही. एका खटल्याची हकीकत तेवढी सांगतो.

आपल्या भाषेत 'नांदणे' असा एक शब्द आहे. सासरी जाऊन राहणे हा त्याचा एक अर्थ आणि सुखासमाधानाने राहणे हा दुसरा. लेकीची पाठवणी करताना आपण दोन्ही अर्थ एकच धरून चालतो. ते वेगळे पडले म्हणजे काय होते, हे १८८४ साली मुंबईच्या हायकोर्टात दिसले.

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा, सुतार ज्ञातीतला. वडील लवकर वारले. आई जयंतीबाई यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या तरुणाशी लागले. जावई सासऱ्यांच्या नजरेखाली शिकेल, मार्गी लागेल, अशी अपेक्षा होती. ती फोल ठरली. रखमाबाई माहेरीच राहिल्या आणि पुस्तके वाचू लागल्या. पुढे दादाजींनी बायको नांदायला यावी म्हणून दावा लावला. रखमाबाईंचे म्हणणे असे, की लग्न झाले तेव्हा मी अजाण होते, माझी संमती कोणी घेतली नव्हती. शिवाय यांना पोसण्याची ऐपत नाही, प्रकृती धड नाही, वर्तनही ठीक नाही.

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा काढून टाकला. वयात आलेल्या स्त्रीला मनाविरुद्ध पुरुषाच्या हवाली करणे त्यांना रानटीपणाचे वाटले. अपिलात हा निकाल फिरला, आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : महिन्याभरात नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंग. बावीस वर्षांच्या रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग पत्करेन.

येथे थोडे थांबले पाहिजे. हिंदू धर्म बुडाला म्हणून तेव्हा गावोगाव ओरड झाली. टिळकही त्या बाजूला होते. लोकमान्यांविषयी पूर्ण आदर ठेवूनही म्हणावे लागते, की ज्याच्या रक्षणासाठी ही ओरड चालली होती तो नांदण्याचा दावा मुळी आपल्या शास्त्रांतला नव्हेच! इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून तो येथे आला होता. त्या देशाने १८८४ सालीच त्यातली तुरुंगाची शिक्षा रद्द केली होती. आपल्याकडची जायला १९२३ साल उजाडले. दावा मात्र १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात अजून आहे.

दादाजींची बाजूही ऐकली पाहिजे. १८८७ साली त्यांनी ती छापून लोकांपुढे ठेवली होती. सासर सुस्थितीतले, आपण गरीब, आणि लग्नाची बायको घरात येत नाही. चारचौघांत त्यांना किती टोमणे ऐकावे लागले असतील! मान त्यांनाही होता. पण तो परत मिळवायला त्यांनी बेलिफाचा रस्ता धरला, आणि त्या रस्त्याने फार तर माणूस घरात येते, त्याचे मन येत नाही. जुलै १८८८ मध्ये खर्चापोटी दोन हजार रुपये घेऊन त्यांनी हक्क सोडला.

विवाह मात्र मोडला नाही. दादाजींना दुसरी बायको करण्याची मोकळीक होती. रखमाबाईंना घटस्फोटाची वाटही नव्हती. त्या १८८९ साली विलायतेस गेल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या, आणि पुढे सुरतेत व राजकोटात त्यांनी कितीएक वर्षे बायकांची सेवा केली.

१९०४ साली दादाजी वारले, आणि रखमाबाईंनी विधवेचे पांढरे वस्त्र अंगावर घेतले.

सक्तीच्या वैधव्याविरुद्ध १८८५ मध्ये 'एक हिंदू स्त्री' या नावाने 'टाइम्स ऑफ इंडिया'त पत्र लिहिणाऱ्या त्याच या बाई! सुधारकांना हे अडचणीचे वाटते, सनातन्यांना हा आपला विजय वाटतो. मला दोन्ही पटत नाहीत. जिथे नांदणेच झाले नाही तिथे प्रेम होते असे कसे म्हणावे? तरी, या माणसाचे नाव आपल्या जन्माशी जोडले गेले होते, ही गोष्ट त्यांनी नाकारली नाही असे दिसते. हायकोर्टाने हुकूम करूनही जे दिले नाही, त्यातले काहीतरी त्यांनी कोणी मागितले नसताना दिले. का दिले, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदी ओलांडून, त्या वारल्या.