मोजून बोलूया
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यातील मनोगत)



उन्हाळा आला की आपल्या जिन्यात एकच वाद. एक म्हणतो, पाणी कमी येतं. दुसरा म्हणतो, पुरतं की! मोजलेलं मात्र कोणीच नसतं.

केंद्र सरकारने 2008 मध्ये शहरी सेवांचे मापदंड ठरवले: माणशी रोज 135 लिटर पाणी, 80 टक्के तक्रारी 24 तासांत निकाली. देवळ्यालाही तीच फूटपट्टी लावून बघू. नळजोडण्या किती, हे दप्तरात सापडतं. पाणी किती आलं, ते आपल्या टाकीलाच ठाऊक.

म्हणून सुचवतो, गेटवर एक वही ठेवूया. पाणी कधी आलं, टाकी किती भरली, घंटागाडी आली का, एवढंच लिहायचं. टाकीतलं पाणी भागिले माणसं. दिवसाआड आलं तर पुन्हा भागिले दोन. झाला हिशेब! दाखल्याला अर्ज केला की पोच मागा. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात अधिसूचित सेवांना मुदत आहे. ती उलटली तर अपील करता येतं.

वहीत एक रकाना आपलाही हवा: ओला-सुका कचरा वेगळा दिला का?

रागावून बोललेलं विरून जातं; आकड्याला उत्तर द्यावं लागतं, त्यांना आणि आपल्यालाही.