घरातील बंदूक आणि तिचे काडतूस
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संमेलनाच्या व्यासपीठावरून विद्यार्थ्यांचे कौतुक व्हावे, वडीलधाऱ्यांचा सत्कार व्हावा, हा आपला रिवाज. अशा ठिकाणी बंदुकीच्या काडतुसाचा विषय घेऊन उभे राहणे कित्येकांना चमत्कारिक वाटेल. तथापि गावी राहणाऱ्या आपल्या अनेक कुटुंबांत वाडवडिलांपासून चालत आलेली बारा बोअरची बंदूक आहे. तिचा परवाना वेळेवर नूतन होतो, दसऱ्याला तिची पूजाही होते. परंतु तिच्यात कोणते काडतूस घालावे, याचा विचार क्वचितच होतो. आम्हीही तो पुष्कळ वर्षे केला नव्हता. तो करावयास आम्हांस एका रात्रीने भाग पाडले.

आमचे घर कोकणात आहे. पावसाळ्याचे दिवस होते आणि आसपास चोऱ्या होत होत्या. मध्यरात्री परसदाराशी खुडबुड ऐकू आली. आम्ही बंदूक काढली, कपाटातील दोन काडतुसे घातली आणि माजघरातून दारावर रोख धरला. ‘कोण आहे?’ म्हणून दोनदा विचारले. कौलांवरील पावसाच्या आवाजात उत्तर ऐकू आले नाही. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा शब्द आले, ‘काका, मी आहे!’ धाकट्या बंधूंचा मुलगा मुंबईहून न कळविता आला होता आणि ओटीवरून कोणी ओ देईना, म्हणून मागील दारी गेला होता. त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही.

सकाळी ती काडतुसे सैन्यातून निवृत्त झालेल्या एका स्नेह्यांना दाखविली. त्यांनी वरील अक्षरे वाचली आणि म्हणाले, “ही एल. जी. आहेत. ह्यांनी ते दार पार केले असतेच. दारामागे गोठ्यात गड्याचे बिऱ्हाड आहे, तेही मार्गातच होते.” आमच्या वडिलांनी डुकराच्या शिकारीसाठी आणलेली काडतुसे आम्ही घराच्या रक्षणास लावली होती!

येथेच विषयाचे मर्म आहे. आपल्या घरांतील बहुतेक बंदुका शिकारीच्या काळातील आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार संपली, बंदूक मात्र राहिली आणि तिच्याबरोबर शिकारीची काडतुसेही राहिली. काडतुसावरील खूण छर्‍यांचा आकार सांगते. विलायती मोजमापाप्रमाणे एका औंसात एल. जी.चे ६ छर्रे बसतात, एस. जी.चे ८, बी. बी.चे सुमारे ७०, चार नंबरचे १७० आणि सहा नंबरचे २७०. छर्रा जितका मोठा, तितका तो आरपार जातो आणि लांबवर घातक राहतो. घरासाठी मोठ्या छर्‍यांचा हव्यास धरू नये, बी. बी. किंवा चार नंबर पुरेसा आहे, असे आमचे मत झाले आहे.

मात्र बारीक छर्रे निरुपद्रवी असतात, असा समज कोणी करून घेऊ नये. बार साधारणतः एका वाराच्या अंतरास इंचभर फाकतो. म्हणजे चार-पाच वारांच्या खोलीत सारे छर्रे तळहाताएवढ्या जागेत लागतात आणि प्राणघातक ठरतात. म्हणूनच ‘छर्‍याच्या बंदुकीला नेम लागत नाही’ हे म्हणणेही खोटे. चिऱ्याची भिंत छर्रे अडवील. फळ्यांचे अथवा कुडाचे विभाजन अडवील, असा भरवसा धरू नये. तेव्हा काडतूस निवडण्यापूर्वी आपल्या घराच्या भिंती पाहाव्यात. कोण कोठे निजते हे ध्यानी घ्यावे आणि संकटसमयी सर्वांनी जमावयाची खोली अगोदर ठरवावी. त्या खोलीच्या दिशेने नळी कधीही वळता कामा नये.

दुसरी गोष्ट लांबीची. जुन्या विलायती बंदुकांपैकी कित्येकींच्या नळीतील काडतुसाचे घर अडीच इंचांचे, म्हणजे ६५ मिलिमीटरचे असते. आजची बरीच काडतुसे ७० मिलिमीटरची असतात. ही लांबी उडालेल्या काडतुसाची असते. न उडालेले काडतूस मिटलेल्या तोंडामुळे आखूड असते व जुन्या घरात सहज बसते. त्यामुळेच फसगत होते. बार उडताना तोंड उघडण्यास जागा मिळत नाही, दाब वाढतो आणि जुनी नळी धोक्यात येते. बंदूक जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावी. पुण्याजवळ खडकी येथे १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. तेथील ‘शक्तिमान’ काडतुसे घेतली, तरी डब्यावरील लांबी वाचूनच घ्यावीत. वीस बोअरचे काडतूस तर बारा बोअरच्या बंदुकीजवळ ठेवूच नये. ते नळीत पुढे घसरून अडकते. मागून बारा बोअरचे घातले आणि चाप ओढला, तर नळी फुटते.

तिसरी गोष्ट ओलीची. आपल्याकडील पावसाळ्यात कागदी काडतुसे फुगतात, पितळेला हिरवा गंज चढतो. अशी काडतुसे परवानाधारक विक्रेत्याचा अथवा पोलिस ठाण्याचा सल्ला घेऊन रीतसर निकालात काढावीत. घोडा पडूनही बार उडाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेस धरून निदान मिनिटभर थांबावे. तो उशिरा उडू शकतो. बार फुसका वाटला, तर बंदूक रिकामी करून नळीत काही अडकले आहे काय, हे पाहिल्यावाचून दुसरे काडतूस घालू नये. काडतुसे किती बाळगावीत व वर्षात किती घ्यावीत, हे परवान्यावर लिहिलेले असते. तो आकडा ओलांडू नये.

कायद्याविषयी दोन शब्द. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने स्वसंरक्षणाचा हक्क पूर्वीप्रमाणेच मान्य केला आहे. मात्र बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करण्याची मुभा दिलेली नाही. पळणाऱ्या चोराच्या पाठीवर बार टाकणे हे शौर्य नव्हे आणि संरक्षणही नव्हे. आधी दिवा, मग आवाज, मग पोलिसांना दूरध्वनी. बंदूक सर्वांत शेवटी.

आज आमच्या घरी बंदूक एका कुलपात आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात असतात. घरात मुले आहेत, याहून मोठे कारण नको. तो पुतण्या आता दोन मुलांचा बाप आहे. दर गणपतीला तो येतो, तेव्हा त्या परसदाराकडे आमची नजर गेल्यावाचून राहत नाही.

बंधुभगिनींनो, काडतूस निवडताना आपण चोराचा विचार करतो. विचार करावयाचा तो दारापलीकडे उभ्या असलेल्या आणि भिंतीपलीकडे निजलेल्या आपल्या माणसाचा. येथून घरी गेल्यावर कपाट उघडून काडतुसांवरील अक्षरे एकदा वाचावीत, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.